दोनशे दहा सोललेली लिंबं

कार्मोझिनाआत्यांच्या बागेतून मला काय काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते कशापोटी केलं याबद्दल कुणाचा गैरसमज नको. डोंगराच्या अंगावर एकावर एक असे तीन टप्पे. त्यांवर लिंबाची एकसष्ट झाडं. झाडांवर लाकडी बल्ल्यांचा मांडव, मांडवावर काळी जाळी. सर्वांत वर एक दगडी खोली. तिच्यात एक खाट मावते, पण पाय लांब करायचे तर दार उघडं ठेवावं लागतं. आणि दार उघडं ठेवलं की समोर समुद्र. समुद्र कुणाच्याच नावावर नसतो हे मला माहीत आहे. तेहतीस वर्षं पालिकेत काढली आहेत मी. पण खाटेवर आडवं होऊन जेवढा दिसतो तेवढा आपला, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

पालिकेत मी दाखल्यांच्या खिडकीमागे बसतो. तिथून दिसते समोरची भिंत आणि भिंतीवरून खाली येणारा एक पन्हाळी नळ. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. दुपारी अर्जांची गर्दी ओसरली की मी त्या नळाकडे बघत बघत वरच्या खोलीत जाऊन पडायचो. जाळीतून गाळून आलेलं ऊन, पानांचा आंबटसर वास, खाली अमाल्फी बंदराकडे निघालेली बोट, तिचा आवाज येईपर्यंत ती पुढे गेलेलीसुद्धा. मग खिडकीवर कुणीतरी टकटक करायचं आणि मी परत यायचो.

कार्मोझिनाआत्या म्हणजे माझ्या बायकोच्या, एर्सिलियाच्या, सख्ख्या आत्या. वय अठ्ठ्याऐंशी, मूलबाळ नाही, आणि गुडघ्यांनी बागेच्या दोनशे शहाऐंशी पायऱ्यांशी कायमचं भांडण काढलेलं. वारस दोनच: एर्सिलिया आणि तिचा धाकटा भाऊ पांतालेओने. एर्सिलिया म्हणजे व्यवहारात मीच.

पांतालेओनेचं सालेर्नो शहरात औषधांचं दुकान आहे. त्याला बाग हवी होती ती झाडं काढून पर्यटकांसाठी पाच खोल्या बांधायला. वर पोहायचा हौदही.

"समुद्र समोर असताना हौद कशाला रे?" मी त्याला विचारलं होतं.

"दाजी, समुद्राला भाडं लावता येत नाही," तो म्हणाला.

मेच्या पहिल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आत्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "आठ जूनला मला एकोणनव्वद पूर्ण होतायत. जेवण वर बागेत. मला खुर्चीत बसवून तुम्ही दोघांनी वर न्यायचं. आणि या झाडांच्या लिंबांचं काहीतरी करून आणायचं. जेवण झाल्यावर बागेची किल्ली कुणाला ते सांगेन."

"काहीतरी म्हणजे काय, आत्या?" पांतालेओनेने विचारलं.

"काहीतरी म्हणजे काहीतरी. हवी तितकी लिंबं तोडा."

आमच्या गावात लिंबांचं काहीतरी म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यांसमोर येणार? लिमोंचेल्लो. गावात चारशे बारा घरं आहेत, म्हणजे लिमोंचेल्लो करायच्या चारशे बारा रीती आहेत आणि त्यांतल्या चारशे अकरा चुकीच्या आहेत. लिंबाची पिवळी साल शुद्ध अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, मग साखरेचा पाक मिसळायचा, बाटली बर्फाच्या कपाटात ठेवायची आणि जेवणानंतर इवल्याशा पेल्यातून घोटभर द्यायची. एवढंच. पण या एवढ्याशावरून आमच्याकडे साखरपुडे मोडलेले आहेत.

आमच्या घरी हे काम आजवर एर्सिलियाच करायची. या खेपेस मात्र मी तिला म्हटलं, "तू यात पडू नकोस. हा बागेचा प्रश्न आहे."

"बरं," ती म्हणाली. तिचं हे 'बरं' मी त्या वेळी नीट ऐकायला हवं होतं.

मी नऊ दिवसांची रजा टाकली आणि सल्ला घ्यायला बाहेर पडलो. बाहेर पडलो म्हणजे जिन्यात आलो. तेवढं पुरतं. समोरच्या त्रोफिमेनाकाकू दारातच वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"सात दिवस भिजव," काकू म्हणाल्या. "आठवा दिवस लागला की कडू. आणि एका लिटरला आठ लिंबं."

"आठ?" वरच्या मजल्यावरून निवृत्त बोटकप्तान साबातो गरजले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "आठ लिंबांत खोकल्याचं औषध होतं! पंधरा घाल. आणि चाळीस दिवस भिजव."

"चाळीस दिवसांनी तर आत्यांचा वाढदिवस उलटून जाईल," मी म्हटलं.

"मग त्यांना आधी सांगायला हवं होतं," कप्तान म्हणाले.

"या कप्तानाचं लग्नसुद्धा असंच राहिलं," काकूंनी वाटाण्यांना सांगितलं.

मी सरकारी माणूस. दोन्ही पक्षांचं म्हणणं नोंदवून घेतलं आणि सात नि चाळीस यांची सरासरी काढली: साडेतेवीस दिवस. लिंबांच्या बाबतीत मात्र कप्तानांचा आकडा धरला, कारण कंजूषपणा करून बाग गमावण्यात अर्थ नव्हता. पाहुणे बावीस. दुकानदाराला मी चौदा लिटर अल्कोहोल मागितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"घरी सगळं ठीक आहे ना, कातेल्लोभाऊ?"

चौदा गुणिले पंधरा, दोनशे दहा लिंबं. आमची लिंबं हाताच्या पंजाएवढी असतात, टोकाला निमुळती. ती पाठीवरून खाली आणायला मला दोन दिवस लागले. मग सोलणं सुरू झालं. साल अशी निघाली पाहिजे की पिवळं सगळं यावं आणि पांढरं तीळभरही येऊ नये. पांढरं आलं की कडवटपणा आला. पहिल्या लिंबाला मला अकरा मिनिटं लागली. शंभराव्याला चार. पण खरं सांगू? त्या तीन दिवसांइतका सुखी मी क्वचितच झालो असेन. स्वयंपाकघरभर पिवळा उजेड. बोटांना, केसांना, उशीला त्या सालींचा वास. मोठ्या काचेच्या बरण्यांत साली हळूहळू फिकट होत जायच्या आणि त्यांचा रंग अल्कोहोलमध्ये उतरत जायचा, सकाळचं ऊन भिंतीवरून उतरावं तसा. मी समोर खुर्ची टाकून बघत बसायचो. कधी डोळा लागायचा ते कळायचं नाही.

जाग आली ती एर्सिलियाच्या आवाजाने. "अहो, आणि यांचं काय?"

टेबलावर, ओट्यावर, न्हाणीघराच्या टबात दोनशे दहा सोललेली लिंबं बसली होती. पांढरी, गुळगुळीत, थोडीशी लाजलेली. साल काढलेलं लिंबू पाच दिवस दम धरतं; सहाव्या दिवशी ते सुरकुततं आणि सातव्या दिवशी त्याच्याकडे बघवत नाही. अल्कोहोल, साखर, बाटल्या, दिवस, सगळ्याचं गणित मी केलं होतं. फक्त सालीच्या आत लिंबू असतं, हे राहून गेलं होतं.

"ओल्या कचऱ्यात टाकू," मी म्हटलं.

"आत्यांच्या झाडांची लिंबं? कचऱ्यात?"

तरी मी टाकली. झाकण चार बोटं वर राहिलं. सकाळी पालिकेची शिपाईबाई लुक्रेत्सिया दारात उभी. तिची आई आणि मी एका वर्गात होतो, पण गणवेश चढवला की ती हे विसरते.

"साहेब, झाकण लागत नाही. नियम क्रमांक नऊ."

"मला शिकवू नकोस. नियम नऊ मीच टंकलेला आहे."

"मग दंडही तुम्हीच टंकलाय," म्हणत तिने पावती फाडली. मग तिची नजर रिकाम्या बाटल्यांवर गेली. "चौदा लिटर अल्कोहोल? विकताय?"

"मी? कातेल्लो आमात्रुदा? विकेन?"

"मग घरगुती वापराचं घोषणापत्र दाखवा."

घोषणापत्र माझ्याच खिडकीवर मिळतं. मी गेलो. खिडकीमागे माझ्या जागी बसलेला सहकारी फार नम्रपणे म्हणाला की यावर खातेप्रमुखाची सही लागते. खातेप्रमुख मीच. पण मी रजेवर होतो, आणि रजेवरचा माणूस सही करू शकत नाही. रजा रद्द करायचा अर्ज आठ दिवस आधी द्यावा लागतो, तोही माझ्याच सहीने. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो. तिथून मागचा नळ दिसत नाही. खुर्चीत बसलेला माणूस तेवढा दिसतो. मला एकदम फार थकल्यासारखं झालं आणि घोषणापत्राचं रजा संपल्यावर बघू असं ठरवून मी घरी आलो.

आता लिंबांचं काय? डब्यातून परत काढून, धुऊन वाटून टाकावीत, हे सुचलं. पण मेच्या महिन्यात आमच्या गावात लिंबू वाटणं म्हणजे समुद्रकाठी कुणाला मूठभर वाळू देण्यासारखं. तोंडावर कुणी घेणार नाही. म्हणून मी दुपारी दोन ते चार ही वेळ निवडली. त्या वेळी गाव वामकुक्षी घेतं. खिडक्यांची झापडं मिटलेली, मांजरं सावलीत सांडलेली, चर्चचं घड्याळसुद्धा ठोके जरा दबकूनच देतं. पायताण हातात घेऊन मी पांढऱ्या उन्हात गल्ल्यागल्ल्यांतून फिरलो आणि उंबऱ्याउंबऱ्यावर दहा-दहा, बारा-बारा लिंबं ठेवत गेलो. सगळ्या गावाचं घोरणं भिंतींमधून ऐकू येत होतं. मला वाटलं, मीही झोपेतच आहे आणि झोपेतच भलेपणा करतो आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीही जरा पडलो. चार वाजता दार उघडलं तर उंबऱ्यावर टोपल्या. पाट्या. एक बादली. सगळ्यांत सोललेली लिंबं. मी मोजली: तीनशे चाळीस. गेलेली दोनशे दहा परत आली होती आणि येताना एकशे तीस सोयरी घेऊन आली होती. मे महिना, लिमोंचेल्लो काय मी एकटाच करत होतो? झापडांच्या फटीतून कुणीतरी मला पाहिलंच असणार, आणि गावात ज्याच्या ज्याच्याकडे सोललेली लिंबं पडून होती, त्याला त्याला कळलं होतं की कातेल्लो गोळा करतोय.

"अगं बाई!" त्रोफिमेनाकाकू समोरून म्हणाल्या. "केवढी लोकप्रियता!" बादली त्यांचीच होती.

मी पायरीवर बसलो. त्या क्षणी मला बाग, खोली, समुद्र, सगळं दूर जाताना दिसलं. एर्सिलिया बाहेर आली. तिने टोपल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाह्या वर सारल्या. "उठा. वाटेतून बाजूला व्हा."

पुढचे दोन दिवस ती पिळत होती. रस, पाक, सरबत, बर्फाचे खडे. घट्ट लिंबांचे काप मीठ लावून बरण्यांत मुरत ठेवले, पुढे पुदिना घालून कोशिंबीर करायला. मी मदत केली नाही असं नाही. बाटल्यांवर लावायच्या चिठ्ठ्या मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिल्या.

एक जूनला, दुपारी बाराच्या ठोक्याला, साडेतेवीस दिवस भरले. पाक घातला, गाळलं, आणि बरण्यांचा हिशेब लागला तो चौतीस लिटर. बावीस माणसांना, दर महिन्याला एक घोटभर पेला धरून, हे साधारण तीन वर्षं पुरलं असतं. एर्सिलिया म्हणाली, "दोन बाटल्या वर न्या. बाकी राहू द्या." पण एवढं सगळं करून दोन बाटल्या? आणि पांतालेओने काय आणणार हे मला कळलं होतं: सोनेरी चिठ्ठीची विकतची बाटली आणि सोबत नोटरी. त्याने नोटरीची फीसुद्धा आगाऊ भरली होती. तेव्हा मी ठरवलं, संपूर्ण जेवणच लिमोंचेल्लोचं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत आत्यांना दिसलं पाहिजे की या लिंबांचं मी काय काय करू शकतो.

आठ जूनला आत्यांना खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी दोनशे शहाऐंशी पायऱ्या चढवलं. पुढचे पाय मी धरले होते, मागचे पांतालेओनेने. आत्या वरून सांगत होत्या, "माझ्याकडे नका बघू, पायरीकडे बघा." एकदा खुर्ची माझ्या बाजूला कलली तेव्हा पांतालेओने कुजबुजला, "दाजी, बाग मिळायच्या आधी सोडू नका हं."

आधी कोळंबी. तव्यावर लिमोंचेल्लो ओतून मी काडी लावली. जाळ जाळीपर्यंत गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझी डावी भुवई गेली. मग लिमोंचेल्लो घातलेला मऊ भात. मग त्याच्यातच मुरवलेली कोंबडी. कोंबडीवर जरा कच्चंच शिंपडलं, वास उठावा म्हणून. स्ट्रॉबेऱ्या तर त्यात पोहत होत्या. शेवटी स्पंजचे पांढरे घुमट, आतून बाहेरून भिजवलेले, वर लिंबाची साय. आणि प्रत्येक पदार्थानंतर पेला, कारण घरच्या यजमानाने दिलेला पेला नाकारणं आमच्याकडे बसत नाही. मी देत होतो, ते घेत होते.

"माझ्या चाळीस दिवसांची सर नाही," कप्तान म्हणाले आणि सातव्यांदा पेला पुढे केला.

"कडू," काकू म्हणाल्या आणि आठव्यांदा.

घुमट संपेपर्यंत बोलणी मंदावली होती. नोटरी 'मालमत्ता' हा शब्द बोलता बोलता मधेच थांबला आणि त्याची हनुवटी छातीवर टेकली. कप्तान भिंतीला पाठ लावून बसले ते तसेच कलले. पांतालेओने गवतावर पालथा, तोंडाखाली कागदांची पिशवी. एकेक करून सगळी पंगत निजली. जाळीतून उन्हाचे बारीक चौकोन सगळ्यांवर पसरले होते आणि वारा आला की ते चौकोन माणसांवरून सरकायचे, जणू कुणी हळूच पांघरुणं बदलतंय. एक पिकलेलं लिंबू फांदीवरून सुटलं, गवतावर पडलं, नोटरीच्या बुटाला लागून थांबलं. खाली समुद्रावर एक बोट चालली होती. तिचा आवाज आला नाही. मला वाटलं, हेच ते. असंच असणार होतं.

"जावईबापू." आत्या जाग्या होत्या. त्यांच्या ताटात पाव आणि एर्सिलियाची लिंबाची कोशिंबीर, पेल्यात सरबत. माझ्या एकाही पदार्थाला त्यांनी हात लावला नव्हता. "तुम्ही नाही झोपलात?"

"मी वाढत होतो, आत्या."

"साली तुम्ही वापरल्यात ते दिसलं. आतली लिंबं?"

"त्यांची व्यवस्था झाली."

"व्यवस्था म्हणजे?"

"रस काढला."

"कुणी?"

तेहतीस वर्षं खिडकीमागे बसून मी हजारो माणसांना असे छोटे छोटे प्रश्न विचारले आहेत. ते इतके टोचतात हे मला माहीत नव्हतं.

"आम्ही," मी म्हणालो.

"बोटं दाखवा."

दाखवली. शाई होती थोडी, सकाळीच बाटल्यांवर लावलेल्या चिठ्ठ्यांची.

आत्यांनी मान वळवली. तिसऱ्या झाडाखाली एर्सिलिया खोडाला टेकून झोपली होती, दोन्ही तळहात मांडीवर उघडे. बोटांची टोकं आंबटाने पांढरी पडून भेगाळली होती, ती अजून भरली नव्हती. दोन बोटांना चिकटपट्ट्या. मी रोज त्याच टेबलावर जेवत होतो आणि मला त्या दिसल्या नव्हत्या. आत्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. क्षणभर, फार तर दोन क्षण, बाग माझी होती.

"तिच्या हातात ठेवा," आत्या म्हणाल्या. "उठवू नका."

मी ठेवली. झोपेतच तिची बोटं मिटली.

"आत्या, ती आणि मी काही वेगळे नाही," मी हळूच म्हणालो.

"मग प्रश्नच मिटला. उठली की तिला विचारा, तुम्हाला आत घेते का."

सोमवारी नोटरीकडे कागद एर्सिलियाच्या नावाने झाले. कागदांवर साक्षीदार म्हणून काकू आणि कप्तान यांच्या सह्या आहेत. दोघांनाही त्या दुपारचं फारसं आठवत नाही.

तर कुणी काय भरलं ते असं. नोटरीची फी पांतालेओनेने भरली, शिवाय पाच खोल्या आणि एक हौद. कप्तानांचा एक बूट गेला, तो कुठे गेला ते त्यांनाही माहीत नाही. काकूंचं काहीच गेलं नाही. उलट उरलेल्या बाटल्यांपैकी सहा त्यांच्याकडे आहेत. माझी एक भुवई, एक दंडाची पावती, नऊ दिवसांची रजा, आणि हल्ली रविवारी पाठीवरून खाली आणायच्या टोपल्या. बाकी सगळं, म्हणजे तीनशे चाळीस लिंबं आणि दहाच्या दहा बोटं, एर्सिलियाने भरलं. त्याबद्दल तिने अजून अवाक्षर काढलेलं नाही. आणि किती बाकी आहे हे तिला विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.